जुनापाणीचे दगड आणि दुपारचा उजेड

दगडाचा फोटो सूर्य उगवताना किंवा मावळताना काढायचा, भर दुपारी कॅमेरा बॅगेतून बाहेरही काढायचा नाही, असं फोटोग्राफीच्या क्लासमध्ये शिकवतात. मलाही तेच शिकवलं होतं. मी नागपूरच्या आसपासच्या माळरानावरचे दगड टिपते आणि मला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे नुसती वाहक नाही, प्रत्यक्ष आजार. डिसेंबर-जानेवारीत इथला पहाटेचा पारा 10 च्याही खाली उतरतो. त्या गारठ्यात, दवाने ओल्या गवतात तासन्‌तास बसणं माझ्या हाडांना चालत नाही. क्लासमधला नियम पाळायचा तर दगड सोडावे लागले असते. मी वेळ बदलली, आणि वेळ बदलल्यावर त्या दगडांवर जे दिसलं ते पहाटे दिसलंच नसतं. हे कसं जमत गेलं ते लिहून ठेवते आहे, कारण विदर्भात माझ्यासारखे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणांना घरून एकच वाक्य ऐकावं लागतं: तुला झेपणार नाही, राहू दे.

आधी आजाराबद्दल. आई आणि बाबा दोघंही एएस, म्हणजे वाहक. त्यांना स्वतःला काहीच त्रास नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दादा एएस निघाला, मी एसएस. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात, साधारण 120 दिवस जगतात. माझ्या पेशी अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप आला किंवा फार दमणूक झाली की वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि 10 ते 20 दिवसांतच मरतात. म्हणून हिमोग्लोबिन कायम कमी, डोळे पिवळसर. आणि पेशी अडकल्या की पुढे रक्त जात नाही, मग तिथलं हाड, पाठ, छाती, जे असेल ते दुखायला लागतं. याला आम्ही क्रायसिस म्हणतो. आमच्या उत्तर नागपुरात हा शब्द घराघरांत माहीत आहे. शेजारच्या आजीसुद्धा आईला विचारतात, “पोरीले क्रायसिस आला का वो?”

हे दुखणं बाहेरून दिसत नाही. ना सूज, ना जखम. कॉलेजात असताना एका दवाखान्यात रात्री नेलं, तर ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, एवढं दुखण्यासारखं तर काही दिसत नाही. सलाईन लावायला सकाळ उजाडली. ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. आजही कुणा पेशंटला असं ऐकावं लागलं की मला संताप येतो. दुखतंय असं माणूस सांगतो तेव्हा आधी त्याचं ऐकावं, तपासण्या मागून होतच राहतात.

आता दगडांबद्दल. याबद्दल मी कितीही बोलू शकते.

नागपूर ज्या जागी वसलं आहे तिथे दगडांच्या किती तरी जाती एकमेकींना भेटतात. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसॉल्ट सुरू होतो, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. कामठीकडे गेलात की पिवळा-तांबूस वालुकाश्म. मनसरकडे त्याहून कितीतरी जुने खडक आणि मँगनीजच्या खाणी. एवढ्या थोड्या अंतरात एवढा फरक क्वचितच सापडतो. मी आधी सगळीकडे फिरले. कामठीच्या वालुकाश्मात रंग फार सुंदर मिळतात, मनसरला खडकाच्या घड्या दिसतात. पण मन बसलं ते काटोल रोडवरच्या जुनापाणीत.

जुनापाणीला माळावर मोठमोठ्या काळ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत, तीनशेच्या आसपास. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी केलेली ही शिळावर्तुळं. मधे माती-गोट्यांचा भराव, भोवती गोल धोंडे. 1879 मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या उत्खननाबद्दल लिहिलं. 1961 मध्ये बी. के. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे पुन्हा खणलं. लोखंडाची हत्यारं, काळी-तांबडी मडकी, घोड्याच्या जातीच्या जनावराची हाडं असं बरंच काही निघालं. अशी वर्तुळं माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड अशी नागपूरच्या चहूबाजूंना आहेत, पण जुनापाणी शहरातून ऑटोने जाता येतं. माझ्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

इथल्या काही धोंड्यांवर खळगे कोरलेले आहेत. अंगठ्याचं पेर बसेल एवढे, काही त्याहून मोठे. कुठे ओळीने, कुठे दोन ओळी शेजारी शेजारी. ते नेमके का कोरले यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी खळगे असलेले दगड वर्तुळात कुठल्या दिशांना येतात ते मोजून त्याचा आकाशाशी काही संबंध आहे का हेही तपासलं आहे. मला त्या खळग्यांचं वेड लागलं. ते हाताला लागतात, पण फोटोत येत नाहीत. कॅमेरा समोर धरला की काळ्या दगडावर काळे डाग, बस. दगडफुलाचे पांढरे-करडे ठिपकेच जास्त उठून दिसतात. पूर्वी लोक अशा खळग्यांत खडू भरून फोटो काढत. ते अजिबात करू नये. हे संरक्षित स्मारक आहे, आणि खडू, तेल, पाणी काहीही लावलं की दगडाच्या कातडीवर परिणाम होतो. मग उरतो फक्त उजेड. खळगा दिसायला हवा तर उजेड दगडाच्या अंगाला घासून जायला हवा, तिरपा. तेव्हा खळग्याची एक कड सावलीत जाते, दुसरी उजळते, आणि खोली दिसते.

तिरपा उजेड म्हणजे पहाट किंवा संध्याकाळ, असंच माझ्या डोक्यात पक्कं होतं.

मला तिकडे ऑटोवाले काका नेतात. ते सकाळी शाळेची पोरं सोडतात आणि दुपारी परत आणतात. मधला वेळ त्यांचा रिकामा, तोच माझा. म्हणजे नऊ-साडेनऊला निघायचं, दहाच्या आत पोचायचं, अकराला परत. सुरुवातीला हे मला फार खटकायचं, कारण त्या वेळी पूर्वेकडे तोंड केलेल्या दगडांवर ऊन थेट समोरून पडतं आणि सगळं सपाट दिसतं. तरी मी जायची. नुसती हाताने चाचपून कुठल्या दगडावर खळगे आहेत त्याच्या खुणा वहीत करून ठेवायची.

जानेवारीत एकदा काकांचा फोन आला की शाळेला अर्धी सुट्टी झाली, आधी पोरं पोचवून येतो, तू थांब. मी पाणी पीत बसले. समोर कमरेएवढा एक धोंडा होता. त्याचं पूर्वेकडचं अंग जवळजवळ उभं, किंचित मागे रेललेलं. दहा वाजता त्याचा फोटो काढला होता, त्यात काहीच नव्हतं. पावणेबाराच्या सुमारास त्याच्यावर एक खळगा दिसायला लागला. मग त्याच्या खाली दुसरा. ऊन आता डावीकडून, वरून, त्याच्या अंगावरून घसरत खाली येत होतं. प्रत्येक खळग्याच्या वरच्या-डाव्या कडेला सावलीची कोर धरली आणि खालची-उजवी कड उजळली. बारा वाजून गेल्यावर शेजारी शेजारी दोन ओळी सरळ मोजता येत होत्या. वरच्या दोन खळग्यांच्या मधे छिन्नी चुकल्यासारखा एक अर्धवट घावही दिसला, जो माझ्या बोटांना कधी लागला नव्हता. मी काढत राहिले. साडेबाराच्या पुढे कडा पुसट झाल्या आणि ते अख्खं अंग सावलीत गेलं.

काका आले तेव्हा त्यांना कॅमेऱ्यात दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हे आत्ता निंगालं का? सकाळी तं साधा गोटा होता.”

त्यामागचं गणित साधं आहे, पण मला कुणी सांगितलं नव्हतं. जमिनीवर आडव्या पडलेल्या दगडाला सूर्य क्षितिजाजवळ असताना तिरपा उजेड मिळतो. पण उभ्या दगडाच्या पूर्वेकडच्या अंगाला तो मध्यान्हाच्या थोडा आधी मिळतो, आणि पश्चिमेकडच्या अंगाला मध्यान्हानंतर लगेच. सूर्य दक्षिणेला येऊन त्या अंगाच्या अगदी रेषेत असतो, म्हणून किरण घासून जातात. पहाटे त्याच पूर्वेच्या अंगावर ऊन समोरून आदळतं आणि खळगे गायब होतात. नागपुरात घड्याळाचे बारा म्हणजे सूर्याचे बारा नाहीत. जानेवारीत इथला मध्यान्ह सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान होतो. म्हणजे पूर्वेच्या अंगांना साधारण साडेअकरापासून, पश्चिमेच्या अंगांना साडेबारापासून दीडपर्यंत. दगड मागे रेललेला असेल तर उजेड जास्त वेळ टिकतो, पुढे झुकलेला असेल तर लवकर संपतो.

जानेवारीतला साडेअकरा ते दीड हा नागपूरचा सगळ्यात सुखाचा वेळ. गारठा गेलेला, ऊन अंगाला हवंहवंसं. माझ्या रक्ताला याहून चांगली वेळ वर्षात मिळत नाही. हे समजलं त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी या कामात कायम दुय्यम वेळेवर भागवणार. तो विचार तिथे संपला.

मग मी वेळापत्रक केलं. होकायंत्र घेऊन प्रत्येक खळगेवाल्या दगडाच्या अंगाची दिशा वहीत लिहिली. अंग उभं आहे की रेललेलं, उंची किती, बसून जमेल की पालथं व्हावं लागेल, जवळ सावली आहे का. प्रत्येक दगडासमोर त्याची वेळ. अंग आग्नेयेकडे वळलेलं असेल तर त्याची तिरप्या उजेडाची वेळ मध्यान्हानंतर सरकते, ईशान्येकडे वळलेलं असेल तर अलीकडे येते. हे काम घरबसल्या करता येतं. सूर्याची दिशा दाखवणारी अ‍ॅप मोबाइलवर मिळतात. त्यामुळे माळावर पोचल्यावर भटकायचं उरत नाही. ठरलेल्या दोन-तीन दगडांपाशी जायचं, बसायचं, काढायचं, निघायचं. चालणं वाचतं, आणि माझ्यासाठी चालणं वाचणं म्हणजे पुढचा आठवडा वाचणं.

माझं डावं खुब्याचं हाड खराब होत चाललं आहे. सिकलसेलमध्ये हे पुष्कळांना होतं. मांडीच्या हाडाच्या गोल टोकाला रक्त कमी पोचतं आणि ते आतून मरत जातं. एमआरआयमध्ये दिसल्यावर हाडाच्या डॉक्टरांनी उकिडवं बसणं, ओझं उचलणं, फार वेळ उभं राहणं बंद केलं. तेव्हा मी लग्नाचं शूटिंग करायची. हळद, लग्न, रिसेप्शन, रात्री दोन-दोनपर्यंत उभं राहून. ज्या स्टुडिओसाठी काम करायची तिथे सांगितलं की आता मी फक्त अल्बम डिझाइन करीन. पुढच्या सीझनला त्यांनी बोलावलंच नाही. त्याचं वाईट वाटलं, पैशांचीही ओढाताण झाली. हळूहळू दुसऱ्या ठिकाणांहून अल्बमचं काम घरी यायला लागलं आणि त्यावर घरखर्चातला माझा वाटा निघतो. दगडांच्या फोटोंतून मला अजून पैसा मिळत नाही. तो मिळावा अशी माझी इच्छा आहे, त्यासाठी माझे प्रयत्नही चालू आहेत.

सामानही बदललं. जुना जड डीएसएलआर आणि झूम लेन्स विकली, त्याजागी छोटा मिररलेस आणि जवळून काढायची एकच लेन्स घेतली. ट्रायपॉड कार्बन फायबरचा, हलका, चालताना तो काठी म्हणूनही धरता येतो. एक घडीचा स्टूल, गुडघ्याच्या उंचीचा. त्याहून खाली बसायचं नाही. बसक्या दगडांसाठी जाड सतरंजी, तिच्यावर पालथं पडून काढते. पालथं झोपल्याने खुब्यावर ताण येत नाही, उठताना मात्र कुणाचा तरी हात लागतो. एक्स्पोजरचं सांगायचं तर काळा दगड कॅमेऱ्याला उजळवावासा वाटतो, तो त्याला राखाडी करून टाकतो. म्हणून मी एक ते दीड स्टॉप खाली ठेवते, म्हणजे फोटो मुद्दाम गडद काढते, मग बेसॉल्टचा काळा रंग खरा येतो. त्या काळ्यात पापुद्रे दिसतात. जुना बेसॉल्ट कांद्यासारखा थरांनी सुटत जातो, आणि तिरप्या उजेडात एकेका थराची कड वेगळी होते.

दक्षिणेकडे तोंड असलेल्या दगडांनी मात्र मला अडवलं. त्यांना हिवाळ्यात दिवसभर समोरून ऊन मिळतं. तिरपा उजेड मिळतो तो उन्हाळ्यात, मे महिन्याच्या भर दुपारी, सूर्य डोक्यावर आला की. आणि नागपूरचा मे माझ्यासाठी नाही. पारा 45 च्या पुढे जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या तापलेल्या नऊ दिवसांत, तर धडधाकट माणूसही दुपट्टा बांधूनच बाहेर पडतो. माझ्या अंगातलं पाणी अर्ध्या तासात उडेल. डॉक्टरांनी एप्रिल ते जून दुपारचं बाहेर पडणं साफ मना केलं आहे, आणि मीही ते मानते. तेव्हा या दगडांसाठी स्वतःचा उजेड न्यायचा ठरवलं. मोठी काळी छत्री धरून दगडावर सावली करायची आणि छोटा फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा, दगडाच्या कडेला टेकवून चमकवायचा. छत्री काका धरतात. फ्लॅश वरून, डावीकडून, उजवीकडून, खालून असा फिरवत गेलं की दर वेळी निराळं काही दिसतं. डावीकडून धरला तर खळगे दिसतात, खालून धरला तर दगडाच्या भेगा.

याच्याच पुढची एक पद्धत आहे. 2001 साली टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचपी लॅब्जमध्ये तिचा पाया घातला, आज जगभर शिलालेख आणि नाणी वाचायला वापरतात. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, दगडाजवळ एक चकचकीत काळा गोळा ठेवायचा आणि चारी बाजूंनी फ्लॅश मारत फोटो काढायचे. गोळ्यावर पडलेल्या चमकेवरून सॉफ्टवेअरला कळतं की उजेड कुठून आला. मग घरी कॉम्प्युटरवर माउसने तो उजेड हवा तिकडे फिरवता येतो. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माळावर अर्धा तास आणि घरी खुर्चीत बसून कितीही तास. अशक्तपणा असलेल्या माणसासाठी याहून चांगली पद्धत मी पाहिलेली नाही. पहिल्यांदा पडद्यावर उजेड फिरवला आणि एका दगडावर मला आणखी दोन उथळ खळगे सापडले, तेव्हा मी आईला हाक मारली. तिने पदराला हात पुसत बघितलं आणि विचारलं, “कोणं केले असतीन हे? बाई असन का माणूस?” असा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. आता तो दगड बघताना दर वेळी आठवतो.

घरी खुर्चीत बसून काम म्हणजे आराम असंही नाही. पडद्यापुढे बसलं की पाणी प्यायचं भान राहत नाही, आणि पाणी कमी झालं की घरातसुद्धा क्रायसिस येतो. दिवसाला साडेतीन लिटर माझा ठरलेला हिशेब आहे. तांब्या टेबलावर ठेवून उपयोग नाही हे लक्षात आल्यावर आईने दोन बाटल्यांवर रेघा मारून दिल्या: जेवणाआधी इथपर्यंत, चहाच्या वेळी इथपर्यंत. फ्रिजचं पाणी नाही, माठाचं. एसी नाही. रात्री अकरानंतर एडिटिंग नाही, क्लायंटचा अल्बम अडला असला तरी नाही. हे पाळणं दगड शोधण्यापेक्षा अवघड गेलं. काम रंगात आलेलं असतं तेव्हा उठावंसं वाटतच नाही, कुठल्या कलाकाराला वाटतं? पण रंगात आलेलं काम सकाळीही तिथेच असतं. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी पाठीत कळ येते, आणि एकदा क्रायसिस आला की आठवडा-पंधरवडा हातात माउस धरवत नाही.

माळावर जायचं की नाही हे मी आदल्या रात्री ठरवते आणि सकाळी पुन्हा तपासते. ताप आहे का, डोळे नेहमीपेक्षा पिवळे आहेत का, खुबा उठताना किती दुखतोय, आदल्या दिवशी पाणी पुरेसं झालं का. यातलं एक जरी बिनसलं तरी जाणं रद्द. काकांना पहाटे मेसेज टाकते, ते कधी कुरकुर करत नाहीत. वहीत त्या दिवसाच्या रकान्यात फुली मारते. अशा फुल्या पुष्कळ आहेत. त्यांकडे बघून पूर्वी रडू यायचं. आता मी त्या रकान्यात पुढची तारीख लिहिते, कारण दगडाची वेळ दुसऱ्या दिवशीही जवळपास तीच असते. लग्नात वरमाला एकदाच पडते. तो क्षण हुकला की गेला. इथे तसं नाही, आणि याच कारणाने माझ्यासारखीने दगड निवडावेत असं मला मनापासून वाटतं.

जाताना बरोबर पाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत, फुल बाह्यांचं स्वेटर (दुपारी लागत नाही, पण ढग आले तर लागतं), दुखण्याची गोळी आणि एक कागद. कागदावर माझा रक्तगट, एसएस पॅटर्न, चालू औषधं, डॉक्टरांचा आणि दादाचा नंबर. त्याची दुसरी प्रत काकांच्या ऑटोत डॅशबोर्डला चिकटवलेली आहे. एकटीने कधीच जायचं नाही. दादा कधी कधी येतो, पण त्याला कंटाळा येतो. गुरं राखणारे एक आजोबा नेहमी भेटतात, आता ते लांबूनच विचारतात, “आज कोन्त्या गोट्याचा नंबर हाये बाई?”

पावसाळ्यात मी जात नाही. तरोटा कमरेइतका वाढतो, दगड दिसेनासे होतात, भिजलं की ताप ठरलेला. आणि ओढ्यानाल्यांचा भरवसा नसतो. ज्यांच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप, नागपूरच्या खडकांचा पहिला नीट अभ्यास करणारे, 1863 च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची अशीच शिळावर्तुळं पाहून परत येताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात बुडाले. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे आणि दर पावसाळ्यात त्यांची आठवण येते. त्या चार महिन्यांत मी घरी जुने फोटो लावते, नकाशा पुरा करते, खळग्यांची मापं टिपते. पाऊस संपला, धान कापायला आलं की माळ पुन्हा उघडा होतो.

सिकलसेलबद्दल आता पूर्वीपेक्षा बोललं जातं. नागपुरातून संपत रामटेके यांनी या आजारासाठी आयुष्य घातलं, त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आला. 1 जुलै 2023 ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, 2047 पर्यंत हा आजार संपवायचं तिचं उद्दिष्ट आहे. वस्तीत तपासणीचं शिबिर लागलं की मी माझे फोटो घेऊन जाते. तिथे रक्त द्यायला आलेली पोरं-पोरी रांगेत घाबरलेली असतात. फोटो बघताना थोडी बोलायला लागतात. एका मुलीने विचारलं, “दीदी, तुम्हालाही एसएस आहे? मग एवढ्या दूर कशा जाता?” मी तिला वही दाखवली, वेळापत्रक दाखवलं, फुल्याही दाखवल्या. तिला चित्रं काढायची आहेत आणि बोटं दुखतात. आम्ही मिळून तिचंही वेळापत्रक करतो आहोत: कुठल्या वेळी हात मोकळे असतात, कुठला कागद, किती वेळ. आणि ज्यांची लग्नं ठरायची आहेत त्यांना मी आवर्जून सांगते, कुंडली राहू द्या, आधी दोघांचं रक्त तपासा.

यंदाच्या उन्हाळ्यात खुब्याचा पुन्हा एमआरआय झाला. हाड आणखी खचलं आहे. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलावा लागेल, पण घाई नाही, पुढच्या वर्षी करू, आधी हिमोग्लोबिन नीट ठेवू. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने जमिनीवर पडायचं आणि उठायचं नाही, खाली वाकायचं नाही. घरी आल्यावर मी वही उघडली आणि दगडांचा क्रम बदलला. जे कमरेएवढे आहेत, स्टुलावर बसून जमतात, ते सगळे मागे टाकले. जे बसके आहेत, ज्यांच्यासाठी सतरंजीवर पालथं पडावं लागतं, ते पुढे घेतले. त्यांतले बहुतेक पूर्वेकडे तोंड करून आहेत, म्हणजे साडेअकराचे. काकांच्या शाळेची सुट्टी यंदा साडेबाराला झाली आहे, तेव्हा त्यांनी शाळेची पोरं शनिवारी पुतण्याकडे सोपवायचं कबूल केलं आहे. डिसेंबरचे शनिवार ठरले. त्याआधीच्या आठवड्यात सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, आहे, पेशी बऱ्या असल्या तर पहिल्या शनिवारी उत्तरेकडच्या वर्तुळातल्या दोन धोंड्यांपासून सुरुवात करणार.